सल्ला देण्याआधीची वर्षं

चंडीगड हे सल्ल्यावर उभं राहिलेलं शहर आहे. फाळणीत लाहोर पलीकडे गेलं, पूर्व पंजाबला राजधानी उरली नाही आणि शिवालिकच्या टेकड्यांच्या पायथ्याशी नवं शहर वसवायचं ठरलं. पहिला आराखडा अमेरिकेच्या अल्बर्ट मेयर यांनी केला. त्यांचे सहकारी मॅथ्यू नोविकी १९५० च्या ऑगस्टमध्ये इजिप्तमधल्या विमान अपघातात गेले आणि काम अडलं. मग प्रशासक पी. एन. थापर आणि मुख्य अभियंता पी. एल. वर्मा माणसं शोधायला युरोपात गेले. त्या शोधातून चौघं जण ठरले : ल कॉर्ब्युझिए, त्यांचे चुलतभाऊ पिएर जानेरे, आणि लंडनचं जोडपं मॅक्सवेल फ्राय व जेन ड्रू.

या चौघांच्या नेमणुकीत एक फरक होता आणि माझं मन तिथे पुन्हा पुन्हा जातं. ल कॉर्ब्युझिए हे सल्लागार. त्यांनी पॅरिसमध्येच राहायचं आणि वर्षातून दोनदा, महिनाभरासाठी यायचं. बाकीच्या तिघांनी मात्र तीन वर्षं इथे मुक्काम करायचा, रोजच्या रोज काम पाहायचं आणि सोबतच्या भारतीय तरुणांना तयार करायचं. म्हणजे नुसता सल्ला पुरणार नाही, सल्ल्याशेजारी कुणीतरी उभं राहिलं पाहिजे, हे थापर आणि वर्मा यांना तेव्हाच कळलं होतं. दोघेही सरकारी नोकरीतले. जगातल्या नामवंतांशी बोलणी करताना ते दबले नाहीत आणि आपल्याला काय हवं आहे याचा विसर त्यांनी पडू दिला नाही. सल्लागार निवडणाऱ्याचीही एक विद्या असते. त्या दोघांकडे ती होती.

आज हे आठवायचं कारण म्हणजे सल्लागार व्हायचं स्वप्न आता फार मुलामुलींच्या मनात आहे. पुण्याच्या हिंजवडीत, मुंबईत, चंडीगडच्या आयटी पार्कमध्ये कामाला असलेली आपली मराठी मुलं पंचविशी-तिशीत येऊन विचारतात : नोकरी बरी आहे, पण पुढे कन्सल्टंट व्हायचंय, ध्येय काय ठेवू? कोणता कोर्स करू? प्रश्न प्रामाणिक असतो. त्यामागे स्वतःच्या अकलेवर उभं राहायची ओढ असते, आणि ती ओढ मला मनापासून आवडते. अशा मुलांना चंडीगडची गोष्ट सांगावीशी वाटते, कारण सल्ला कसा घडतो आणि सल्लागार कसा घडतो हे दोन्ही त्या शहरात उघड्यावर पाहायला मिळतं.

त्याच शहरात याची दुसरी बाजूही दिसते. सेक्टर १७ मध्ये किंवा सेक्टर ३४ मध्ये इमारतींवरच्या पाट्या वाचत चाललं तर सल्लागारच सल्लागार. कॅनडाचा व्हिसा, ऑस्ट्रेलियाचा व्हिसा, आयेल्ट्सचे वर्ग, खात्रीचं काम. त्यात प्रामाणिक माणसं आहेत. नेमकी कागदपत्रं नेमक्या वेळी पाठवून कुणाचं तरी आयुष्य मार्गी लावणारी आहेत. पण या व्यवसायात इतकी फसवणूक झाली की पंजाब सरकारला २०१२ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा करून परवान्याची सक्ती करावी लागली. जमीन गहाण टाकून किंवा विकून पैसे भरायचे, आणि सल्ला चुकला तर परक्या विमानतळावर अडकायचं ते मुलाने. सल्ला देणारा तोवर पुढच्या कुटुंबाशी बोलत असतो. चुकीची किंमत फक्त ऐकणाराच मोजतो, अशा जागी बसून कितीही वर्षं घालवली तरी माणूस त्या विषयातला जाणकार होत नाही. त्याची वर्षं वाढतात, समज तिथेच राहते. हे वाक्य कठोर आहे, पण मी ते चांगल्या कॉर्पोरेट सल्लागारांनाही लागू धरतो. साठ पानांचं सादरीकरण देऊन जो निघून जातो आणि पुढे त्या कारखान्याचं काय झालं हे कधीच विचारत नाही, त्याच्या दहा वर्षांच्या अनुभवात शिकणं किती आणि फिरणं किती, याची शंका घ्यायला जागा आहे.

जुन्या काळी गावातला वैद्य गावातच राहायचा. पुडी दिलेला रोगी दुसऱ्या दिवशी देवळाच्या वाटेवर भेटायचा, नाहीतर त्याच्या घरचं रडणं ऐकू यायचं. वैद्याची विद्या ग्रंथातून आली असेल, पण ती मुरली त्या वाटेवर.

चंडीगडच्या चौघांत असे राहिले ते जानेरे. तीन वर्षांसाठी आलेला हा स्विस माणूस १९६५ पर्यंत राहिला. फ्राय आणि ड्रू करार संपल्यावर गेले. ल कॉर्ब्युझिए येत-जात राहिले. जानेरे मात्र सेक्टर ५ मधल्या घरात राहून सरकारी घरं, शाळा, विद्यापीठाच्या इमारती, खुर्च्या-टेबलं आणि सुखना तलावावरच्या होड्यांपर्यंत सगळं पाहत होते. सरकारी घरांच्या मंत्र्यापासून शिपायापर्यंत तेरा श्रेणी ठरल्या होत्या. सगळ्यांत खालच्या श्रेणीतल्या घरालाही दोन खोल्या, स्वयंपाकघर, न्हाणी, संडास आणि अंगण द्यायचं, तेही अगदी तुटपुंज्या पैशात. विटेच्या जाळीतून वारा कसा खेळवायचा, उन्हाळ्यात अंगणात झोपणाऱ्या माणसाला आडोसा कसा द्यायचा, हे प्रश्न पॅरिसहून सुटत नाहीत. उच्च न्यायालयाची इमारत १९५५ मध्ये वापरात आली, तेव्हा आत ऊन येतं, पाऊस येतो अशा तक्रारी झाल्या आणि पुढे तिथे व्हरांडा जोडावा लागला. इमारत थोर आहेच. २०१६ मध्ये युनेस्कोने कॅपिटॉल संकुल जागतिक वारशात घेतलं, त्यात तीही आहे. पण व्हरांड्याची गरज ज्याच्या कानावर पडते आणि ज्याला ती पुरी करावी लागते, त्याचं ज्ञान एका पावसाळ्याने वाढलेलं असतं. जानेरे यांचे असे चौदा पावसाळे झाले.

ल कॉर्ब्युझिए यांना मी कमी लेखत नाही. ते आले तेव्हा तीसहून जास्त वर्षांचं काम आणि विचार त्यांच्या पाठीशी होते, म्हणून महिनाभराच्या भेटी पुरत होत्या. तरुण माणसाला मात्र त्यांचं येणं-जाणं आधी दिसतं. विमान, बैठका, आदराने ऐकणारी माणसं. पाठीशी असलेली वर्षं दिसत नाहीत. सल्लागार व्हायचं म्हणजे कॉर्ब्युझिए व्हायचं असं वाटतं, आणि जानेरे होण्याची वर्षं टाळता येतील का, याचा शोध सुरू होतो.

या दोघांच्या सावलीत भारतीय चमू घडत होता. एम. एन. शर्मा, यूली चौधरी, आदित्य प्रकाश, जीत मल्होत्रा, बी. पी. माथूर, आणि मराठी कानाला लगेच ओळखीची वाटणारी नावं, ए. आर. प्रभावळकर आणि जे. एस. देठे. शर्मा पुढे चंडीगडचे पहिले भारतीय मुख्य वास्तुविशारद झाले. चौधरीबाई १९७० नंतरच्या दशकात त्याच पदावर आल्या, आदित्य प्रकाश तिथल्या वास्तुकला महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. मला मात्र आज ज्यांच्यावर थांबायचं आहे ते वास्तुविशारद नव्हते. ते होते स्ट्रक्चरल इंजिनिअर महेंद्र राज.

१९२४ चा जन्म. लाहोरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९४६ मध्ये पदवी, मग पंजाबच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरी. वर्षभरात फाळणी. आणि विशी संपता संपता या तरुणाच्या टेबलावर उच्च न्यायालय आणि सचिवालय या इमारतींची आकडेमोड आली. सचिवालय सुमारे अडीचशे मीटर लांब. एवढ्या लांबीचं काँक्रीट उन्हाने वाढतं, थंडीने आखडतं, म्हणून इमारत भागाभागांत तोडून जोडावी लागते. पंजाबची थंडी आणि पंजाबचा जून ज्याला माहीत आहे त्याला हा प्रश्न पुस्तकी वाटणार नाही. आधाराला मोठी यंत्रं नाहीत. लाकडी फळ्यांचा साचा, बांबूंची परांची, डोक्यावर घमेली घेऊन चढणाऱ्या बाया आणि गडी. कागदावर रेघ मारायची, आणि ती रेघ या माणसांच्या हातून कशी उतरेल हे समोर पाहायचं. गणित चुकलं तर परिणाम दुसऱ्या कुणाच्या गावी जाऊन होणार नव्हता.

सरकारी खात्यात नाव झालेलं, एवढं मोठं काम हातून गेलेलं, पुढे बढत्या ठरलेल्या. अशा वेळी महेंद्र राज अमेरिकेला गेले. मिनेसोटा विद्यापीठात पुन्हा विद्यार्थी झाले, एम. एस. केलं, आणि मग न्यू यॉर्कच्या अम्मान अँड व्हिटनी या कंपनीत काम केलं. जॉर्ज वॉशिंग्टन पूल बांधणाऱ्या ओथमार अम्मान यांची ही कंपनी. विमानाचे हँगर, लांब गाळ्यांची छतं, काँक्रीटची पातळ कवचं यांत ती त्या काळी अग्रेसर होती. त्यांनी जाण्यासाठी निवडलेली जागा पाहिली की त्यांचा विचार कळतो असं मला वाटतं. काँक्रीट हातांनी कसं घडतं हे चंडीगडने शिकवलं होतं. त्याला किती ताणता येतं, किती पातळ करता येतं, खांबाविना किती दूर नेता येतं, हे जिथे रोज चाललं होतं तिथे ते गेले. नुसती पदवी घेऊन परतले नाहीत. पदवीनंतर तिथे थांबून हात काळे केले. आणि मग परत आले. १९६० मध्ये त्यांनी मुंबईत स्वतःची सल्लागार कंपनी सुरू केली.

पुढचा काळ भारतीय वास्तुकलेच्या इतिहासातच जमा आहे. अहमदाबादेत बाळकृष्ण दोशी यांच्याबरोबर टागोर हॉल, चार्ल्स कोरिया यांच्याबरोबर सरदार पटेल स्टेडियम, लुई कान यांच्या आयआयएमचं काम. दिल्लीत कुलदीप सिंग आणि राज रेवाल यांच्या इमारती. वास्तुविशारदाला एखादं अवघड छत सुचलं, आणि हे उभं राहील का असा प्रश्न पडला, की दार ठोठवायचं ते महेंद्र राज यांचं. सगळ्या इमारतींचे सल्लागार ते नव्हते. त्या एका प्रश्नाचे होते.

ध्येयाबद्दल मला जे म्हणायचं आहे ते इथेच आहे. आपण ध्येय लिहितो ते बहुधा पद आणि पैसा यांत लिहितो. तीन वर्षांत मॅनेजर, सातव्या वर्षी पार्टनर, अमुक इतके ग्राहक, दिवसाची अमुक फी. पैशाचा विचार करू नये असं मी म्हणत नाही. घराचा हप्ता आणि आईबापांची औषधं कुणाला चुकली आहेत? पण हे आकडे दुसऱ्यांच्या हातात असतात. बाजार पडला की पडतात. त्याऐवजी एक प्रश्न लिहावा. कोणती अडचण आली की लोकांना माझं नाव आठवलं पाहिजे? ‘डेटा कन्सल्टंट’ हे उत्तर नव्हे, ती फक्त पाटी झाली. ‘जिल्हा सहकारी बँकेची जुनी कर्जखाती नव्या संगणक प्रणालीत नेताना हिशेब जुळत नाहीत, अशा वेळी मला बोलवावं’ हे उत्तर आहे. ‘इचलकरंजीतल्या लहान यंत्रमागवाल्याचं विजेचं बिल कुठे वाया जातं ते मला सांगता यावं’ हेही उत्तर आहे. असा प्रश्न लिहिला की पुढच्या वर्षाचं काम आपोआप दिसू लागतं. कोणत्या बँकेच्या शाखेत जाऊन बसायचं, कुणाच्या हाताखाली राबायचं, कोणता ग्रंथ वाचायचा, आणि कोणतं चांगल्या पैशाचं काम नम्रपणे नाकारायचं.

प्रश्न अरुंद असेल तर कामं कमी मिळतील ही भीती खरी आहे. सुरुवातीची काही वर्षं ती खरीच ठरते. पण ज्याला सगळं येतं त्याला बोलावण्याचं कुणाला खास कारण नसतं, हेही तितकंच खरं आहे.

आपल्याकडचं याहून जुनं उदाहरण विश्वेश्वरय्यांचं. कर्नाटकाने त्यांना दैवत मानलं ते रास्तच, पण त्यांची घडण महाराष्ट्रात झाली याची आपल्याला फारशी आठवण नसते. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधून १८८३ मध्ये ते पहिले आले, पुढच्या वर्षी मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले, नाशिक-खानदेशात हिंडले, नीरा कालव्याच्या पाणीवाटपासाठी ब्लॉक पद्धत आखली. खडकवासल्याच्या धरणाला १९०३ मध्ये त्यांनी आपोआप उघडणारे दरवाजे बसवले आणि धरणाची भिंत न वाढवता तलावात जास्त पाणी साठू लागलं. म्हणजे पाणी, पूर आणि साठवण या एका प्रश्नाभोवती चोवीस वर्षं. १९०८ मध्ये त्यांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली आणि परदेशातली कामं पाहायला निघाले. त्याच सप्टेंबरात मुसी नदीने हैदराबाद बुडवलं, हजारोंचा जीव गेला. निजामाच्या सरकारने बोलावणं पाठवलं ते परदेशात असलेल्या या माणसाला. त्यांनी नदीच्या वरच्या अंगाला दोन तलाव बांधून पूर अडवायचा सल्ला दिला. उस्मानसागर १९२० मध्ये झाला, हिमायतसागर १९२७ मध्ये. बोलावणं आलं तेव्हा त्यांच्या हातात कुठलंच पद नव्हतं, ही बाब सल्लागार होऊ पाहणाऱ्याने नीट ध्यानात घ्यावी.

विश्वेश्वरय्यांनी नोकरी सोडली आणि महेंद्र राज यांनीही सोडली, म्हणून नोकरी सोडणं हाच धडा काढू नये. चौधरीबाई आणि शर्मा यांनी सरकारी चाकरीतच मोठं काम केलं. उलट या सगळ्यांनी नोकरी पुरती वापरून घेतली. पगार देऊन मोठी जबाबदारी अंगावर टाकणारी जागा तरुणपणी मिळणं ही भाग्याची गोष्ट आहे, आणि कंटाळा आला, साहेब खडूस निघाला, मित्राला जास्त पगार मिळाला एवढ्यावरून ती सोडून ‘स्वतंत्र सल्लागार’ होणाऱ्या मुलांविषयी मला काळजी वाटते. पाटी लावायला एक दुपार पुरते. तिच्याखाली बसून सांगायचं काय, ते आधीच्या नोकरीत जमवलेलं असावं लागतं.

एक सवय मात्र नोकरीत असतानाच लावून घेता येते. आपण जिथे जिथे मत दिलं, तिथे ते तारखेसह वहीत लिहून ठेवावं : अमुक बदल केला तर सहा महिन्यांत अमुक होईल असं मी सांगितलं. आणि सहा महिन्यांनी जाऊन पाहावं. फोन करून विचारू नये, जाऊन पाहावं. फोनवर लोक भिडेखातर बरं बोलतात. प्रत्यक्ष गेल्यावर कळतं की आपण दिलेला तक्ता भिंतीवर आहे पण कुणी भरत नाही, कारण तो भरायची वेळ आणि पाळी बदलायची वेळ एकच आहे. ही गोष्ट कोणत्याही अभ्यासक्रमात शिकायला मिळत नाही, आणि पुढच्या ग्राहकाकडे पाय ठेवताच आपण पाळी कधी बदलते हे पहिल्यांदा विचारतो. समोरचा चमकून पाहतो. त्याला आपल्यावर विश्वास टाकावासा वाटतो तो तिथे.

महेंद्र राज यांच्याकडे १९७२ च्या आशियाई व्यापार मेळ्यासाठी दिल्लीच्या प्रगती मैदानावरचं काम आलं, राज रेवाल यांच्याबरोबर. आत एकही खांब नसलेलं अवाढव्य दालन हवं होतं. असं छत जगात पोलादी नळ्यांच्या जाळीने करतात. आपल्याकडे तेव्हा तेवढं पोलाद सहज मिळत नव्हतं आणि वेळही थोडा होता. तेव्हा ती जाळी काँक्रीटची करायची ठरली, जागेवर ओतून, साध्या साच्यांत, मजुरांच्या हातांनी. एवढ्या मोठ्या गाळ्याची काँक्रीटची अशी जाळी त्याआधी जगात कुणी केली नव्हती. लांब गाळ्याचं शास्त्र त्यांनी अमेरिकेत आत्मसात केलं होतं. परांचीवरची माणसं काय करू शकतात याची खात्री मात्र चंडीगडची होती, वीस वर्षांपूर्वीची. या दोन गोष्टी एकाच माणसापाशी असल्याने तो ‘होईल’ म्हणू शकला. हॉल ऑफ नेशन्स वेळेत उभा राहिला.

२०१७ च्या एप्रिलमध्ये तो एका रात्रीत पाडण्यात आला, तेव्हा महेंद्र राज नव्वदी ओलांडून गेले होते. देशातल्या आणि परदेशातल्या वास्तुविशारदांनी तो वाचवण्यासाठी पत्रं लिहिली होती, खटला लढवला होता. मला त्या पाडापाडीचा आजही राग येतो. पण त्याच्या आदल्या वर्षी त्यांच्या कामावर एक मोठा ग्रंथ निघाला होता आणि त्यात इमारतींच्या छायाचित्रांबरोबर त्यांची रेखाटनं छापली होती. स्ट्रक्चरल इंजिनिअर होऊ पाहणाऱ्या मुलामुलींनी तो ग्रंथ मिळवून ती रेखाटनं एकेक करून समोर ठेवावीत आणि प्रत्येक छताचा भार कुठून कुठे जातो ते स्वतःच्या पेन्सिलीने काढून पाहावं.